तीन बीप

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी टिटवी कोसळली. त्या क्षणी मीनाक्षीला फक्त भीती वाटली. शंका तासाभराने आली, फावड्याने माती उकरताना.

टिटवी म्हणजे मीनाक्षी आणि परीक्षितचं रॉकेट. दहा फूट उंच, फायबरग्लासचं, मांडीएवढं जाड. टेक्सासमध्ये, प्लेनोमधल्या मीनाक्षीच्या घरी, गराजमधली एक गाडी कायमची बाहेर काढून, दोघांनी ते वर्षभर खपून बांधलं होतं. मीनाक्षी वैद्य मूळची नागपूरची, सत्तेचाळीस वर्षांची, एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम बघायची. दुसऱ्याने केलेल्या कामातली चूक शोधणं हा तिचा वीस वर्षांचा पेशा. परीक्षित साठे पुण्याचा, तिच्याहून चार वर्षांनी लहान, एका बँकेच्या आयटीत टीम लीड. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मखराचे दिवे जोडताना दोघांची ओळख झाली आणि त्याच हिवाळ्यात दोघं पहिल्यांदा एकत्र रॉकेट उडवायला गेले. त्याला आता सहा वर्षं झाली होती.

शहराच्या उत्तरेला दीड तासावर एका रँचच्या माळावर त्यांचा रॉकेट क्लब महिन्यातून एकदा जमायचा. त्या शनिवारी टिटवी सरळ सहा हजार फूट गेली, बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर पोचल्यावर आतल्या छोट्या कॉम्प्युटरने चिमूटभर बंदुकीची दारू पेटवायची, त्या धक्क्याने रॉकेट मधून उघडायचं आणि पॅराशूट बाहेर यायचं, अशी रचना होती. तसं काहीच झालं नाही. टिटवीने शांतपणे तोंड खाली केलं. माइकवरचा माणूस ओरडला, माळावरचे सगळे लोक उभे राहून वर बोट दाखवायला लागले, आणि शिट्टीसारखा आवाज करत ती गाड्यांच्या रांगेपासून दोनशे पावलांवर जमिनीत घुसली. शेपटाचे पंख तेवढे वर राहिले.

कोणाला काही लागलं नाही. पण क्लबचा सेफ्टी ऑफिसर डेल, रेल्वेतून रिटायर झालेला सत्तरीचा उंच माणूस, बराच वेळ त्या पंखांकडे बघत उभा होता. मग त्याने त्यांना फावडं आणून दिलं.

काळी चिकट माती अडीच फूट उकरल्यावर मधला भाग हाती लागला. नळी केळीच्या सालीसारखी फाटली होती. कॉम्प्युटरचा चुरा झाला होता. पण बंदुकीची दारू तिच्या डबीत जशीच्या तशी होती. मीनाक्षीने ती तळहातावर ओतून पाहिली. एक कणही जळला नव्हता.

"कॉम्प्युटर चालूच नव्हता," ती म्हणाली.

"मी चालू केला होता," परीक्षित म्हणाला. तो गुडघ्यांवर बसून माती झटकत होता, त्याने वर पाहिलं नाही. "बीप ऐकले मी. तीन."

उडवण्याआधी शिडीवर चढून, नळीला असलेल्या बारीक भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून स्विचचा स्क्रू पूर्ण फिरवायचा असतो. कॉम्प्युटर जागा झाला की पुन्हा पुन्हा तीन बारीक बीप देतो. ते ऐकल्याशिवाय शिडीवरून उतरायचं नाही, हा क्लबचा पहिला नियम. त्या दिवशी शिडीवर परीक्षित होता. मीनाक्षी टेबलापाशी फॉर्मवर सही करायला गेली होती.

घरी येऊन तिने चुरा धुतला, वर्तमानपत्रावर मांडला. स्विच सापडला. त्याचा स्क्रू फिरवलेला होता, पण शेवटपर्यंत नाही. खालच्या पत्र्याला टेकायला केसभर अंतर राहिलं होतं. आपटल्याने तसं झालं असू शकेल, असं तिने स्वतःला सांगितलं. तरी तिने त्याचे चार बाजूंनी फोटो काढले आणि स्विच औषधाच्या गोळ्यांच्या एका जुन्या डबीत ठेवून दिला. परीक्षितला दाखवला नाही.

एप्रिलमध्ये दोघांनी टिटवी परत बांधायला घेतली. नवीन नळ्या आल्या, नाकाचा शंकू आला. चारपैकी तीन पंख वाचले होते, चौथा कापायचा होता. दर रविवारी सकाळी परीक्षित यायचा, मास्क लावून दोघं फायबरग्लास घासायचे, इपॉक्सी कालवायचे. वरवर सगळं पहिल्यासारखंच होतं. पण मीनाक्षी आता त्याच्याकडे बघायला लागली होती, आणि बघायला लागल्यावर दिसण्यासारखं बरंच होतं.

तो फोन उचलत नसे. मेसेजला मिनिटात उत्तर द्यायचा, कॉल केला तर नाही. एकदा तिने ड्राइव्हवेमध्ये त्याची गाडी उभी बघून आतून कॉल केला. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, कॉल कट केला आणि मेसेज टाकला: आलोच. जोडणी टेस्ट करायची वेळ आली की तो हटकून काहीतरी काम काढायचा. "तू टेस्ट कर, मी तोवर कॉफी आणतो." ती पाठमोरी असताना काही विचारलं की उत्तर कधी यायचं, कधी नाही. पूर्वी बडबडा होता. आता ती बोलत असताना तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचा. मीनाक्षीला वाटायचं, आपल्याला किती कळलंय याचा हा अंदाज घेतोय.

या वेळी एकाऐवजी दोन कॉम्प्युटर बसवायचे ठरले, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा पॅराशूट उघडेल. परीक्षितने एक नवीन मॉडेल सुचवलं.

"हे फोनला कनेक्ट होतं. चालू आहे की नाही ते स्क्रीनवरच दिसतं. बीपची भानगडच नको."

"कोणाच्या फोनला?"

"कोणाच्याही. माझ्या चालेल."

"नको," मीनाक्षी म्हणाली. "बीपवाले बरे आहेत. शिडीखाली उभ्या असलेल्या कोणालाही ऐकू येतात."

त्याला सगळं स्वतःच्या फोनमध्ये हवंय, कोणी साक्षीदार नको, हे तिने त्या संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. रवींद्र भांडी डिशवॉशरमध्ये लावत होता. तो म्हणाला, "तुला काय वाटतं, त्याने मुद्दाम पाडलं?"

"मुद्दाम नाही. निष्काळजीपणा केला आणि आता लपवतोय."

"मग विचार की त्याला सरळ."

"विचारलं तर सावध होईल," ती म्हणाली. हे वाक्य आपण ऑफिसमध्येही बोलतो, हे तिच्या लक्षात आलं नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस नव्हता, काउंटी प्रशासनाने वणव्याच्या भीतीने आग पेटवायला बंदी घातली आणि क्लबची दोन्ही लाँच कॅन्सल झाली. टिटवी रंगवून गराजमध्ये आडवी पडून राहिली. त्याच दिवसांत परीक्षितच्या बायकोने, आश्लेषाने, मंगळागौरीच्या जेवणात मीनाक्षीला बाजूला घेतलं.

"तुमचं रॉकेटचं काय चाललंय गं? हल्ली घरात असून नसल्यासारखा असतो. फोन आला की बाहेर अंगणात जातो. गुरुवारी दुपारी कुठेतरी जातो, विचारलं तर मीटिंग म्हणतो. तुला काही माहितीये का?"

मीनाक्षीला काही माहीत नव्हतं. पण "मलाही तो पूर्वीसारखा वाटत नाही" एवढं ती बोलली, आणि आश्लेषाचा चेहरा उतरलेला तिला दिसला. ते वाक्य परत घेता आलं असतं. तिने घेतलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी डेलने तिला अपघाताचा जुना फॉर्म फॉरवर्ड केला. परत उडवायची परवानगी हवी तर खाली दुरुस्त्या लिहून पाठव, असं त्याने कळवलं होतं. फॉर्म मार्चमध्ये परीक्षितने भरला होता. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं: बहुधा वायरिंगमधला दोष.

वायरिंग मीनाक्षीचं होतं. सोल्डरिंगचा एकूण एक टाका तिने स्वतः भिंगाखाली घातला होता.

ती रात्री नीट झोपली नाही. सकाळी ऑफिसला जाताना हायवेवर तिने ठरवलं, याला रंगेहाथ पकडायचं.

ऑक्टोबरचं लाँच तिसऱ्या शनिवारी होतं. कापलेल्या गवताचं रान, कोरडा वारा, पलीकडच्या तारेच्या कुंपणाआड गाई. आज मोठं इंजिन नव्हतं, टिटवी दीड हजार फूटच जाणार होती, फक्त चाचणीसाठी. आदल्या दिवशी गराजमध्ये शेवटची जोडणी मीनाक्षीनेच केली होती. दोन्ही कॉम्प्युटर तपासून झाल्यावर तिने दुसऱ्याच्या बॅटरीचा प्लग काढून ठेवला आणि नळी बंद केली. आता स्क्रू कितीही फिरवला तरी तो कॉम्प्युटर बोलणार नव्हता. तिने स्वतःला समजावलं होतं की पहिला चालू आहे, पॅराशूट तसंही उघडेल. शिवाय आपण उडू देणारच नाही, त्याआधी थांबवू.

लाँच पॅडवर टिटवी उभी राहिली. मीनाक्षी म्हणाली, "मी फॉर्म देऊन येते. तू चालू कर." ती वीस पावलं जाऊन थांबली आणि मागे वळून पाहिलं. परीक्षित शिडीवर चढला. पहिला स्क्रू फिरवला, भोकाला कान लावला. दुसरा फिरवला, कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग उन्हाला हाताचा आडोसा करून भोकात डोळा घातला. मग उतरला.

ती परत आली. "झालं?"

"झालं."

"दोन्ही ऐकलेस?"

"हो. तीन-तीन."

तिच्या छातीत काहीतरी थंड आणि समाधानाचं उतरलं. पण तिला साक्षीदार हवा होता. दोघं टेबलापाशी आले. डेलने नेहमीसारखं विचारलं, "दोन्ही कॉम्प्युटर चालू? बीप कोणी ऐकले?"

"मी," परीक्षित म्हणाला.

डेलने फॉर्मवर खूण केली आणि माइक उचलला.

"थांबा," मीनाक्षी म्हणाली. "दुसरा कॉम्प्युटर बंद आहे. त्याला बॅटरीच जोडलेली नाही. हा खोटं बोलतोय. मार्चमध्येही हा खोटंच बोलला होता."

तिने पर्समधून गोळ्यांची डबी काढून टेबलावर ठेवली, फोनवरचे फोटो उघडले. तिला वाटलं होतं आता परीक्षित चिडेल, वाद घालेल. त्याने डबीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याच्या तोंडावरचा रंग गेला होता.

डेलने माइक खाली ठेवला. "बॅटरी जोडलेली नाही हे तुला कसं माहीत?"

"मीच काढली."

"कधी?"

"काल."

डेल खुर्चीवरून उठला. "त्याने न ऐकता ऐकलं म्हणून सांगितलं. ते वाईट. तू बंद कॉम्प्युटरचं रॉकेट जाणूनबुजून माझ्या पॅडवर आणलंस, आणि इथे साठ माणसं बसलीत. यात कमी वाईट कोणतं, ते मला समजत नाही." त्याचा आवाज चढला नव्हता. "उतरवा ते. आज नाही. डिसेंबरपर्यंत नाही. दोघांनाही."

दोघं टिटवी उतरवायला गेले. चालू असलेला कॉम्प्युटर बंद करायला मीनाक्षी शिडीवर चढली. नळीला कान न लावताही तिला त्याचे बीप स्वच्छ ऐकू येत होते. वाऱ्यातही येत होते. खाली रॉकेटला हात लावून उभा असलेला परीक्षित तिच्याकडे बघत होता.

"वाजतंय का?" त्याने विचारलं.

ती थबकली. "तुला ऐकू येत नाहीये?"

त्याने मान हलवली.

एकाच पिकअपमधून आले होते, त्यामुळे परतीचा दीड तास एकत्र काढणं भाग होतं. त्याने गाडी सेव्हंटी-फाइव्ह हायवेला लावली. मग समोर बघतच बोलायला लागला.

"बारीक आवाज गेलेत. चिमण्या, मायक्रोवेव्ह, स्मोक अलार्म. गेल्या डिसेंबरमध्ये घरातला अलार्म बॅटरी संपली म्हणून चार दिवस चिवचिवत होता म्हणे. आश्लेषा गावाला गेली होती. ती आली तेव्हा दारातच म्हणाली, तू हे सहन कसं केलंस. तेव्हा मला कळलं."

"तिला सांगितलंस?"

"नाही. म्हटलं, कामात होतो, लक्ष गेलं नाही. आता माणसांची बोलणीही अर्धी जातात. फोनवर तर काहीच कळत नाही. समोर असलं माणूस, तोंड दिसलं, तर जमतं." त्याने गाडी उजव्या लेनमध्ये घेतली. "दर गुरुवारी जातो तपासायला. अजून कमी होतंय. आमच्याकडे लेऑफ चाललेत, मी दिवसभर कॉलवर असणारा माणूस. व्हिसावर आहे. नोकरी गेली तर साठ दिवसांत देश सोडायचा. कोणाला सांगणार?"

मीनाक्षी म्हणाली, "मला."

"तुला? तू टेस्टर आहेस." तो हसला नाही. "मार्चमध्ये मी शिडीवर होतो. स्क्रू हाताला घट्ट लागला. कान लावला, काही नाही. पण मला तर तसंही काही ऐकू आलं नसतं. मग चालू आहे असं धरून चाललो. खाली उतरून तुला सांगितलं असतं, तू वर ये, ऐक, तर तू विचारलं असतंस का म्हणून."

"आणि फॉर्मवर वायरिंग लिहिलंस."

"हो," तो म्हणाला. "ते घाबरून लिहिलं. त्याला कारण नाही."

प्लेनोची वेस आली. मीनाक्षीला मंगळागौर आठवली. आश्लेषाला आपण काय बोललो ते तिने त्याला सांगितलं, सगळं, शब्द न बदलता. त्याने स्टीअरिंगवरची बोटं आवळली. दोन सिग्नल गेल्यावर म्हणाला, "म्हणजे म्हणून ती दोन महिने माझा फोन चेक करतेय."

"मी बोलते तिच्याशी."

"नको. ते मीच करतो."

त्याने त्याच संध्याकाळी आश्लेषाला सांगितलं. ती आधी रडली, मग इतके दिवस लपवलं म्हणून चिडली, आणि सोमवारी त्याच्याबरोबर क्लिनिकमध्ये गेली. हे सगळं मीनाक्षीला आश्लेषाकडून कळलं, परीक्षितकडून नाही. नोव्हेंबरभर तो गराजमध्ये आला नाही. तिने दोनदा मेसेज केला, दोन्हींना उत्तर आलं, सभ्य आणि एका ओळीचं. तिने डेलला पत्र लिहून स्वतःची चूक कबूल केली आणि जुन्या फॉर्मवर खरं कारण काय लिहायचं ते विचारलं. डेलने कळवलं की परीक्षितने ते आठवड्यापूर्वीच दुरुस्त करून पाठवलंय.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तो आला. दोन्ही कानांमागे राखाडी रंगाची छोटी यंत्रं होती. ऑफिसमध्ये सांगितलं का, असं तिने विचारलं. सांगितलं म्हणाला. मॅनेजरने कॉलवर खाली अक्षरं येतात ती सोय चालू करून दिली. पुढचं पुढे बघू.

"यंत्रांनी बीप ऐकू येतात?"

"गराजमध्ये येतात. माळावर वाऱ्याचाच आवाज येईल." मग टिटवीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "उघड. मला बघायचंय."

तिने नळी उघडली. त्याने दोन्ही प्लग एकेक करून ओढून पाहिले, बॅटऱ्या मीटर लावून तपासल्या, वायरी बोटाने चाचपल्या. मीनाक्षीच्या समोर, अजिबात न संकोचता. ती बाजूला उभी राहून बघत होती. सहा वर्षांत त्याने तिचं काम कधी तपासलं नव्हतं.

जानेवारीत डेलने एका अटीवर उडवू दिलं. चालू करणारा एक, ऐकणारा दुसरा, आणि दोघांनी टेबलापाशी येऊन वेगवेगळं सांगायचं. सकाळी गवतावर दहिवर गोठलं होतं. परीक्षित शिडीवर चढला, मीनाक्षी खालच्या पायरीवर उभी राहिली. त्याने पहिला स्क्रू फिरवला आणि खाली पाहिलं. तिने तीन बोटं वर केली. दुसरा फिरवला. काही नाही. तिने मान हलवली. त्याने आणखी पाव आटा दिला, तेव्हा आवाज आला, आणि तिने पुन्हा तीन बोटं दाखवली. तो उतरला आणि शिडी तिच्याकडे दिली. ती वर चढली, दोन्ही स्क्रू तिने स्वतः दाबून पाहिले. परीक्षित ते बघत होता.

टिटवी पाच हजार आठशे फूट गेली. वरती पांढऱ्या धुराचा ठिपका दिसला, मग काही सेकंदांनी त्याचा आवाज आला. आधी छोटं पॅराशूट उघडलं आणि आठशे फुटांवर मोठं, नारिंगी. वाऱ्याने ती कुंपणापलीकडे नेली. डेलने माइकवरून "छान" एवढंच म्हटलं.

दोघं आणायला निघाले. पाऊण मैल चालायचं होतं. गाई बाजूला सरकल्या. टिटवी खुरट्या झाडांजवळ गवतात पडली होती, एका पंखाचा रंग तेवढा खरचटला होता.

पॅराशूट गुंडाळताना परीक्षित म्हणाला, "ऑक्टोबरमध्ये डेलने माइक उचलला तेव्हा तू बोललीस. त्याआधी पॅडवरच बोलू शकत होतीस."

"मला तुला त्याच्यासमोर पकडायचं होतं."

"आणि त्याने लगेच बटण दाबलं असतं तर?"

"मी थांबवणारच होते, परीक्षित."

"असेल," तो म्हणाला. "तू म्हणतेस म्हणून धरतो."

खरं सांगायचं तर त्या सकाळी टेबलापाशी उभी असताना आपण किती थांबलो असतो, हे तिचं तिलाही नक्की माहीत नव्हतं.

त्याने वरचा भाग खांद्यावर घेतला, तिने खालचा. कुंपणापाशी त्याने तार पायाने दाबून धरली, ती पलीकडे गेली, मग तिने त्याच्यासाठी धरली.

"यंदा एक लहान रॉकेट बांधायचं म्हणतोय," चालता चालता तो म्हणाला. "एकट्याने. घरीच."

"गराज आहे माझं. हवं तेव्हा वापर."

त्याने थांबून तिच्या तोंडाकडे पाहिलं, कारण वाऱ्यात त्याला नीट कळलं नव्हतं. तिने पुन्हा सांगितलं.

"बघू," तो म्हणाला, आणि दोघं गाड्यांच्या रांगेकडे चालायला लागले.